गोणपाटावरचा भाव

फाल्गुन लागला की यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा बाजार उतरणीला लागतो. फरदडीची शेवटची बोंडं वेचून झालेली असतात, जिनिंगच्या फाटकासमोरची गाड्यांची रांग आखडलेली असते. नेमका तेव्हाच आठवडी बाजार भरात येतो. गावागावाचा बाजारवार ठरलेला. हिवाळाभर मेथी-पालकाने हिरवा दिसणारा हा बाजार आता रंग बदलतो. नवा हरभरा, नवी चिंच, कवठं आणि टरबुजांचे ढीग दिसू लागतात. होळीच्या आठवड्यात शेणाच्या चाकोल्यांच्या माळा आणि साखरेच्या गाठ्याही येतात.

बाजाराला कायद्याची शिस्त लावायची सुरुवात याच वऱ्हाडातली. इथून जवळच्या कारंज्याला 1886 साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला आणि 1897 साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला. त्या वेळी हा जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव 1905 मध्ये मिळालं. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, तोही नीट मोजलेला. त्यामुळे लिलावाची जागा ठरली, माप ठरलं, दलाली ठरली. भाव सांगायचं काम मात्र घेणाऱ्याकडेच राहिलं. शेतकरी गाडी उभी करतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. सव्वाशे वर्षांत कायदे बदलले, ही नजर काही बदलली नाही.

आठवडी बाजारात उलटं असतं. गोणपाट अंथरून बसलेल्या बाईला गिऱ्हाईक विचारतं,
“सांबार कसा दिला, बाई?”
“दहाच्या दोन जुड्या जी.”
“तीन लावा ना.”
“नाही पुरत जी.”
विषय संपला. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात. बाहेरून आलेला माणूस पहिल्यांदा ताटात इडली शोधतो.

पांढरकवडा, मारेगाव, झरी भागातल्या बाजारांत कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, माणसं येतात. त्यांच्या बांबूच्या टोपल्या आणि ताट्यांना शेतकऱ्यांच्या घरात वर्षभर काम असतं. याच दिवसांत मोह गळू लागतो. फूल पहाटे पडतं, त्यामुळे वेचणाऱ्यांना उजाडायच्या आत झाडाखाली पोचावं लागतं. बुडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जमीन मोकळी केलेली असते. (या जाळण्यातून जंगलाला वणवाही लागतो, मोहाचं कौतुक करताना हे लपवू नये.) ताजं फूल पिवळसर पांढरं आणि रसाने फुगलेलं, बोटांना चिकटणारं. चार दिवस अंगणात वाळलं की मनुक्यासारखं तांबूस होतं आणि ओंजळीत घेतलं तर वास तळहाताला दिवसभर राहतो. दारूसाठी ते बदनाम आहे, पण घराघरांत ते खाण्यातही असतं आणि ढोरांनाही घालतात.

2016 साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांची मोहीमही निघाली. शेतकऱ्याने थेट गिऱ्हाईकाला विकावं, ही कल्पना शहरांत नवी म्हणून गाजली. इथल्या बायांना त्यात नवल काय, असंच वाटलं असणार. कापसापलीकडच्या शेतीला या जिल्ह्यात पुढे मानही मिळाला. रासायनिक खतं सोडून नैसर्गिक शेतीकडे वळलेले यवतमाळचे सुभाष शर्मा 2025 च्या पद्मश्रीच्या यादीत आले. तरी कापूस आणि सोयाबीनपुढे भाजीचा तुकडा आजही लहानच आहे, बहुतेक घरी तो बाईच्या वाट्याचा. कापसाचा पैसा कर्जाच्या खात्यात जातो. भाजीचा तिच्या पदराच्या गाठीत.

तिच्या तोंडच्या भावालाही एक धनी आहे: ऊन. मार्चमध्येच इथलं ऊन असं तापतं की पालाखाली ठेवलेल्या जुड्यांवर सारखं पाणी शिंपडावं लागतं. दुपारी बाजार ओस पडतो. पाचनंतर गर्दी होते, तोवर पानं माना टाकतात. सकाळी “नाही पुरत” म्हणणारी तीच बाई परतीच्या एसटीच्या वेळेला जुड्या दहाच्या चार लावते आणि टोपली रिकामी करते. मग पदराची गाठ सोडून शेजारच्या पालात जाते, गाठ्यांचा भाव विचारते आणि तिथे स्वतः घासाघीस करायला बसते.