वाराचे जेवण आणि खिमट

ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे शिक्षण हैदराबादेत वार लावून झाले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्या सात घरांचे ऋण ते अखेरपर्यंत सांगत. आमच्या समाजात अन्नदानाची परंपरा जुनी आहे. परंतु वाढलेल्या पानापुढेही काही काम उरते, हे मला उशिरा उमगले.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पोटासाठी शहरात आलेल्या कुटुंबांत आम्ही विद्यार्थी दुधाची भुकटी वाटीत असू. एका मातेने ती पुरवावी म्हणून तांब्याभर पाण्यात चिमूटभर घालून तान्ह्याला पाजली. मूल हगवणीने खंगले. कशी वापरावी हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. सांगायचे ते आम्ही, आणि आम्ही वहीत डब्यांची संख्या लिहीत होतो. मूल वाचले, ते डॉक्टरांमुळे.

वस्तुतः हे ज्ञान आमच्या दाराशी होते. १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या संशोधनासाठी सुरू झालेली संस्था १९५८ मध्ये हैदराबादेत आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. उस्मानिया विद्यापीठाला जाताना तिच्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. आत एकदाही डोकावलो नाही. तेथील ‘हैदराबाद मिश्रण’ प्रसिद्ध आहे : भाजलेला गहू ४० ग्रॅम, भाजलेला हरभरा १६, शेंगदाणे १० आणि गूळ २०. एवढ्यातून सुमारे ३३० उष्मांक व ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. धान्यात लायसिन उणे, डाळीत मेथिओनिन उणे; दोन्ही एकत्र आली की परस्परांची उणीव भरून निघते. आपले मेतकूट आणि सातूचे पीठ याच जातीचे. आजीला कारण ठाऊक नव्हते, कृती ठाऊक होती.

प्रथिनांच्या नावाने त्या काळी जगभर बराच गाजावाजा झाला. डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. सी. गोपालन यांनी मात्र दाखवून दिले की, आपल्याकडील मुलांना बहुधा प्रथम उष्मांकच अपुरे पडतात. नेहमीचाच आहार पोटभर मिळाला तर प्रथिनांची गरजही बव्हंशी भागते. (सुखात्म्यांच्या पुढील काही निष्कर्षांवर वाद झाले, तो विषय वेगळा.) अडचण अशी की बाळाचे पोट लहान असते. पातळ पेजेने ते भरते, पण शक्ती येत नाही. म्हणून सहा महिने पूर्ण झाल्यावर अंगावरच्या दुधाच्या जोडीला घट्ट खिमट, त्यात चमचाभर तेल, आणि वाढत्या वयानुसार दिवसातून तीन-चार वेळा भरवणे. चमचा कलता केला तर खिमट ओघळू नये, ही साधी खूण.

आपल्या शाळेच्या काही माजी विद्यार्थिनी हेच शिकवीत वस्तीत जातात. मराठी, तेलुगू, दखनी, जी भाषा समोर येईल ती. फळ्यावर तक्ते नाहीत; त्या बाईच्याच चुलीवर, तिच्याच ज्वारी-तांदळात खिमट शिजते आणि तिथेच बाळाला भरवले जाते.

एकदा एका मजूर बाईने विचारले, “बाई, समजलं सगळं. पण डाळ महागली की आमच्या घरातून आधी तीच जाते. मग शिजवू काय?” तेव्हापासून पाठाबरोबर त्या घराला महिन्याला दोन किलो हरभराडाळ दिली जाते. शिकवल्यावर पुन्हा दान कशाला, असे आमच्यापैकी काहींचे मत आहे. मला ते पटत नाही.