रुईचे वतन

उन्हाळा उत्तर अमेरिकेच्या कुरणांत घालवून शरदात हजारो किलोमीटरचे अंतर तोडीत मेक्सिकोच्या डोंगरराईत थंडी काढावयास जाणाऱ्या मोनार्क फुलपाखराची कीर्ती जगभर पसरली आहे. आणि ज्या मिल्कवीड वनस्पतीवाचून त्याची अळी जगत नाही, ती तणनाशकांनी मका-सोयाबीनच्या शेतांतून हद्दपार केल्यामुळे तिकडील गृहस्थ आता आपल्या परसात तीच मुद्दाम लावू लागले आहेत.

याच मोनार्कचा सगोत्र बंधू, बिबळ्या कडवा, आपल्या मराठवाड्यात बारमाही नांदतो. लिनियसने 1758 साली या दोघांचीही शास्त्रीय दप्तरात नोंद केली. ज्या रुईच्या पानांची माळ शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडते, तिच्याच पानावर बिबळ्याची मादी एकेक सुटे अंडे घालते, आणि त्यातून निघालेली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, जनावरेही ज्याला सहसा तोंड लावीत नाहीत तो पाला खाऊन, वनस्पतीतील विषाचा काही अंश स्वतःच्या देहात साठविते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. या दराऱ्याचा लाभ उठविण्यासाठी डॅनाइड एगफ्लाय नावाच्या निरुपद्रवी फुलपाखराची मादी पेशवाईतील तोतयाप्रमाणे हुबेहूब बिबळ्याचाच पेहराव करून वावरते. तिचा नर मात्र या भानगडीत पडत नाही.

दक्षिण भारतात बिबळ्याचे आप्त, ब्लू टायगर आणि कॉमन क्रो, पावसाळ्याच्या आगेमागे पूर्व व पश्चिम घाटांदरम्यान थव्यांनी ये-जा करतात. अशा पांथस्थांना मुक्कामी मकरंद लागतो, आणि नरांना खुळखुळ्यासारख्या वनस्पतींतील एक विशिष्ट द्रव्य, ज्यापासून ते मादीला मोहविणारा गंध सिद्ध करतात.

छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगरासारख्या दाट वस्तीत या कुळाचे उरलेसुरले वतन म्हणजे बांधकामावाचून पडून असलेली बखळ आणि कुंपणाकडेची रुई. स्वच्छतेच्या भरात तीच आधी तोडली जाते, आणि मग फुलपाखरांसाठी म्हणून काकतुंडीची रोपे विकत आणली जातात! काकतुंडीवर बिबळ्या वाढतो, हे खरे. पण ती मूळची अमेरिकेची, आणि फुकट उगवणारी रुई तोडून ती लावणे हा उफराटा व्यवहार होय.

नवे काही लावण्याची तसदी नको. भूखंडाच्या कडेची दोन-चार झुडपे राखावीत, छाटण्यापूर्वी पाने उलटून अंडी-अळ्या पाहाव्यात, त्यांवर कीटकनाशक फवारू नये. आणि रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने मुलांना तेवढी ताकीद अवश्य द्यावी.