तलावपाळी ते लोणार : प्रवासातल्या थांब्यांचे शास्त्र

सुट्टी लागली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. कुठे राहायचे, काय पाहायचे, कुठे काय चांगले मिळते याची यादी तयार होते. प्रवासाचा विचार मात्र ‘किती वाजता पोहोचू?’ या एकाच प्रश्नापाशी संपतो. समृद्धी महामार्गामुळे तर हा प्रश्न आणखी मोठा झाला आहे. मुंबई-नागपूर असा ७०१ किलोमीटरचा हा मार्ग शिर्डी-नागपूर टप्प्यापासून डिसेंबर २०२२ मध्ये खुला होऊ लागला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्यामुळे तलावांचे शहर ठाणे आणि उल्कापाताने घडलेल्या सरोवराकाठचे लोणार ही दोन गावे एका दिवसाच्या अंतरावर आली आहेत. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. गाडीला ते सहज जमते. प्रश्न आहे तो गाडीतल्या माणसांचा.

चाकामागचा मेंदू

सरळ, रुंद, सिग्नल नसलेला रस्ता चालवायला सोपा वाटतो. मेंदूच्या दृष्टीने तोच अवघड असतो. वळण नाही, गर्दी नाही, समोर काही बदलत नाही, त्यामुळे मेंदूला सतत जागे ठेवणारे उद्दीपन मिळत नाही. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, पण लक्ष विरघळत जाते. मागचे दहा किलोमीटर कसे गेले हे आठवत नाही. यालाच ‘महामार्ग संमोहन’ म्हणतात. याच्या पुढची पायरी म्हणजे सूक्ष्म डुलकी. ती काही क्षणांचीच असते आणि अनेकदा चालकाला आपण झोपलो होतो हेही कळत नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. म्हणजे चार सेकंदांच्या डुलकीत सव्वाशे मीटरहून अधिक अंतर चालकाविना कापले जाते.

झोप कमी झाली असेल तर हा धोका वाढतो. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिसाद देण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, असे प्रयोगांत दिसले आहे. भारतात वाहन चालवताना कायद्याने घालून दिलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. दिवसभर कार्यालयात काम करून रात्री दहाला ‘रस्ता मोकळा मिळेल’ म्हणून निघणारा माणूस दारू न पिताही त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत गाडी चालवत असतो.

शरीराचे घड्याळही यात भाग घेते. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास सतर्कता नैसर्गिकपणे खाली येते. दुपारची सुस्ती केवळ जेवणामुळे येत नाही. जेवण भरपेट असेल तर ती वाढते इतकेच. म्हणून लोणारचा बेत आखताना पहिला निर्णय निघण्याच्या वेळेचा. आदल्या रात्री सात तास झोप घेऊन सकाळी सहाला निघणे हे पहाटे तीनला उठून निघण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित.

कुठे थांबावे?

दर दोन तासांनी किंवा दीड-दोनशे किलोमीटरनंतर पंधरा-वीस मिनिटे थांबावे, हा सर्वसाधारण नियम. आपल्याकडे मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ मध्ये व्यावसायिक चालकाला पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याची तरतूद होती. घरच्या गाडीच्या चालकाला असे संरक्षण देणारे कोणी नसते. ते वेळापत्रकातच लिहून ठेवावे लागते.

पहिला थांबा सिन्नर. इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा मागे टाकला की दोन-सव्वादोन तासांत तिथे पोहोचता येते. न्याहारी करावी आणि गोंदेश्वराच्या हेमाडपंती मंदिराला एक फेरी मारावी. चहा पिऊन पुन्हा गाडीत बसण्यापेक्षा ही पंधरा मिनिटांची चाल महत्त्वाची. दुसरा थांबा छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात, अकराच्या सुमारास. इथे चालक बदलता आला तर उत्तम. तिसरा थांबा सिंदखेड राजा, राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. दुपारी एकच्या सुमारास इथे हलके जेवण आणि त्यानंतर चालकासाठी वीस मिनिटांची झोप. झोपण्याआधी कपभर कॉफी किंवा कडक चहा घेतला तर दुहेरी फायदा होतो, कारण कॅफिनचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो. वीस मिनिटांहून लांब झोपेनंतर मात्र डोके जड राहते, म्हणून गजर लावावा. उठल्यावर पाच-दहा मिनिटे चालूनच पुन्हा स्टिअरिंग हाती घ्यावे.

खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे हे उपाय काही मिनिटांपुरतेच टिकतात. झोपेवर झोप हाच उपाय. वातानुकूलन सतत ‘आतलीच हवा फिरवा’ या स्थितीत असेल तर चार-पाच जणांच्या श्वासाने बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सुस्ती वाढते. अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी. थांबण्यासाठी महामार्गाची कडा कधीही वापरू नये. बाहेर पडण्याचा मार्ग किंवा अधिकृत सुविधा केंद्रच निवडावे. सर्व ठिकाणी हव्या त्या अंतरावर हॉटेल आणि स्वच्छतागृह मिळेलच असे नाही, म्हणून थांबे आधी ठरवणे गरजेचे.

सिंदखेड राजाचेच नाव १ जुलै २०२३ च्या दुर्घटनेनेही लक्षात राहिले आहे. मध्यरात्रीनंतर तिथे खासगी बसला आग लागून २५ प्रवासी दगावले. रात्रीच्या प्रवासाबद्दल आणि चालकांच्या विश्रांतीबद्दल राज्यभर चर्चा झाली ती त्यानंतर.

मागच्या सीटवरचे प्रवासी

थांब्यांची गरज फक्त चालकाला नसते. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायांतले रक्त वर ढकलतात. तासन्‌तास बसून राहिले की हा पंप बंद पडतो, रक्त साचते आणि खोल शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून अधिक प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो. मग तो विमानाचा असो, रेल्वेचा किंवा मोटारीचा. निरोगी माणसासाठी मूळ धोका अगदी कमी असल्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, कर्करुग्ण आणि पूर्वी गुठळी झालेले यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रवासानंतरच्या दिवसांत एकाच पायाला सूज आणि दुखणे, अचानक धाप किंवा छातीत कळ आली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

‘वाटेत जायला लागू नये’ म्हणून पाणीच न पिण्याची सवय अनेक घरांत दिसते, विशेषतः स्त्रियांमध्ये आणि ज्येष्ठांमध्ये. काही जण रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी परस्पर टाळतात. उन्हाळ्यात यातून निर्जलीकरण, चक्कर आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवतो. गोळीची वेळ बदलायची तर ती डॉक्टरांना विचारून. मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, जेवणाची वेळ चुकवू नये आणि ग्लुकोज किंवा साखर हाताशी ठेवावी. डिकीतल्या बॅगेत नव्हे. ते स्वतः गाडी चालवणार असतील तर निघण्याआधी आणि दर दोन तासांनी साखर तपासावी. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

मुलांना गाडी लागते ती मुख्यतः दोन ते बारा या वयात. कानातला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतोय’ सांगतो आणि मोबाइलवर खिळलेले डोळे ‘सगळे स्थिर आहे’ म्हणतात. या विसंगतीतून मळमळ होते. मोबाइल बाजूला ठेवून दूर क्षितिजाकडे पाहणे, हलके खाणे आणि ताजी हवा हे साधे उपाय उपयोगी पडतात. उलटीवरच्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे चालकाने त्या घेऊ नयेत. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायलाच हवा. थांब्यावर मुलांना बंद गाडीत ‘पाच मिनिटे’ ठेवू नये. उन्हात गाडीचे तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढते.

शेवटचे पन्नास किलोमीटर

सिंदखेड राजाहून साध्या रस्त्याने लोणारकडे वळल्यावर एक वेगळा धोका असतो. तासन्‌तास १०० ते १२० च्या वेगात राहिलेल्या मेंदूला ७० चा वेग संथ वाटू लागतो. पण आता समोर बैलगाड्या, शाळकरी मुले, दुचाक्या असतात. अशा वेळी अंदाजावर न जाता स्पीडोमीटर पाहावा. ‘आता आलोच’ या भावनेने लक्ष ढिले पडते, तेही इथेच.

चारच्या सुमारास लोणार. बेसॉल्ट खडकात घडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर २०२० पासून रामसर यादीत आहे. त्याच वर्षी जूनमध्ये क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे. विवरात उतरणे सोपे, पण तेवढेच वर चढावे लागते. दिवसभर बसून आलेल्या गुडघ्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना ते त्याच संध्याकाळी झेपेलच असे नाही. पहिल्या दिवशी काठावरून सूर्यास्त पाहावा आणि उतरणे दुसऱ्या सकाळच्या गारव्यात ठेवावे. परतीचा प्रवासही त्याच दुपारी न करता आणखी एक मुक्काम जमला तर करावा, कारण थकवा जाताना जितका असतो त्याहून येताना अधिक असतो.