हजेरीपट आणि मस्टर



कष्टकऱ्याच्या आयुष्यात दोन वह्या येतात. पहिली शाळेचा हजेरीपट आणि दुसरी कारखान्याचे मस्टर. दोन्ही वह्यांतून नाव कमी होते ते बहुधा एकाच कारणाने : माणूस वेळेवर हजर नव्हता. माझी तीस वर्षे दुसऱ्या वहीशी झगडण्यात गेली. आज मी पहिल्या वहीविषयी बोलणार आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत खाड्याची तक्रार घेऊन कामगार येतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या मागे त्याचा नववीतला मुलगा उभा असतो, आणि त्याचेही नाव शाळेच्या पटावरून कमी झालेले असते. बापाच्या खाड्याबद्दल कोठे दाद मागायची हे मला ठाऊक आहे. मुलाच्या खाड्याबद्दल कोठे मागायची, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम नियम काय आहेत ते पाहू. दहावीच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचे तर शेकडा ७५ हजेरी लागते. राज्य मंडळाचा हा नियम आहे आणि केंद्रीय मंडळाचाही आहे. त्याखेरीज प्रत्येक शाळेचे आपापले नियम असतात. प्रार्थनेपूर्वी फाटकाच्या आत यावे, गणवेश असावा, गैरहजेरीची चिठ्ठी पालकांच्या सहीने आणावी, वर्गात मोबाइल आणू नये, शिक्षकांशी अदबीने वागावे. आणि या सर्वांच्या शेवटी येतो तो शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर इतर तपशिलाबरोबर तीन रकाने असतात : अभ्यासातील प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण. या रकान्यांकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आता असे नियम हवेतच कशाला, असे म्हणणारे लोक आहेत. मी त्यांतला नाही. हजेरीच्या सक्तीचा इतिहास पाहिला तर ती सक्ती गरिबाच्या मुलाचे संरक्षण म्हणून जन्माला आली असे दिसते. आपल्या देशात पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. त्याने सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्याची बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांचे पोर नऊ तास राबणे ही त्या काळी सुधारणा होती! १८९१ साली हे वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे काम सात तासांवर आले. ज्या मुलाचे सात तास गिरणीत जातात, त्याच्यासाठी शाळा उघडून काय उपयोग? इंग्लंडातही हेच घडले. तेथे १८७० च्या कायद्याने शाळा निघाल्या, पण हजेरी सर्वत्र सक्तीची झाली ती १८८० साली. मधल्या दहा वर्षांत त्यांना कळून चुकले की शाळा बांधल्याने मूल शाळेत येत नाही. त्याला कामावरून सोडवून आणावे लागते.

जोतीराव फुल्यांनी ही गोष्ट १८८२ साली हंटर आयोगापुढे स्वच्छ मांडली. शेतकऱ्यांची मुले शाळेत का येत नाहीत, याचे कारण त्यांनी मुलांच्या आळसात शोधले नाही. आत्यंतिक दारिद्र्य, आणि गुरे राखायला व शेत सांभाळायला मुलांची लागणारी गरज, हे कारण त्यांनी दिले. त्यावर शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असा उपाय सुचविला. या क्रमाकडे आपण लक्ष द्यावे. अगोदर कारण विचारले, मग साहाय्य सांगितले आणि त्यासोबत सक्ती मागितली. पुढे बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत प्रयोग करून १९०६ साली सबंध संस्थानात सक्ती लागू केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड ठेवला. दंड पालकास होता, मुलास नव्हता, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा हजेरीचा नियम आमचा शत्रू नाही. मालकाच्या, सावकाराच्या आणि प्रसंगी बापाच्याही हातून मुलाचे दिवस सोडवून घेणारा तो नियम आहे. मग तोच नियम मुलाला शाळेबाहेर काढतो तो केव्हा?

याचे उत्तर एका आकड्यात आहे. तो आकडा चौदा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नापास करण्याची वाट काही प्रमाणात मोकळी झाली, पण काढून टाकण्याची बंदी कायम राहिली. सतराव्या कलमाने मारणे आणि मानसिक छळ करणे यांस मनाई आहे. मूल आठवीची वेस ओलांडून नववीत आले की या कायद्याची सावली संपते. आणि नेमक्या त्याच सुमारास दुसरा कायदा दार उघडतो. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. घरच्या धंद्यात शाळेनंतर हातभार लावण्यापुरती सवलत ठेवली. चौदा ते अठरा या वयात मात्र बंदी आहे ती फक्त धोक्याच्या कामांना. म्हणजे एकाच वाढदिवशी शाळेचा कायदा मुलाचा हात सोडतो आणि मजुरीचा बाजार तो धरतो. ७५ टक्क्यांचा नियम मुलाला कठोरपणे भेटतो तो या दोन वर्षांत.

हे गणित एका उदाहरणाने सांगतो. समजा शाळा वर्षात २२० दिवस भरली. शेकडा ७५ म्हणजे १६५ दिवस झाले. मुलाला ५५ दिवसांची सूट मिळाली. शहरातील सुस्थित घराला ही सूट भरपूर आहे. आता बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराचे घर घ्या. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत भरून निघते ते मार्च-एप्रिलात परतते. शाळेचे शंभरावर दिवस या काळात जातात. मुलगा बरोबर गेला तर ७५ टक्के भरणे अशक्य. मुलगी असेल तर आणखी एक संकट आहे. उसाच्या फडात 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मिळते ती जोडीला. मग पोरगी शाळेतून सुटली की तिचे लग्न उरकण्याची घाई होते. तिच्या बाबतीत हजेरीपटावरचा खाडा म्हणजे पुढे येणाऱ्या लग्नाची पहिली सूचना असू शकते. कोणी वाचील तर!

अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यांचा मुख्य भर सहा ते चौदा वयावर आहे. पुन्हा तोच चौदाचा आकडा. केंद्रीय मंडळाच्या नियमांत हजेरीची सूट मिळते ती आजारपण, घरातील मृत्यू, राष्ट्रीय पातळीवरील खेळ अशा कारणांना, तीही कागदपत्रे पाहून. ही कारणे योग्यच आहेत. पण 'आईबाप पोटासाठी परगावी गेले' या कारणाचा कागद कोण देणार? मुकादम दाखला देत नाही.

येथे मला स्वतःविषयी चार शब्द सांगणे भाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. वडील साचाखात्यात होते. जूनमध्ये मी नववीत गेलो तोवर घरातील भांडी विकायला काढली होती. मी पहाटे दुधाच्या पिशव्या टाकू लागलो आणि शाळेत रोज उशिरा पोचू लागलो. आमच्या शाळेचा नियम असा, की तीन उशिरा म्हणजे एक गैरहजर. दिवाळीनंतर माझे नाव कमी झाले. वर्गशिक्षकांनी मला वाईट वागविले नाही; त्यांनी फक्त विचारले नाही. त्याच सुमारास वडिलांनाही गिरणीची नोटीस आली. नोटिशीने आम्हांला न्याय मिळाला असे मी म्हणत नाही. पण तो रजिस्टर टपालाने आलेला लेखी कागद होता. त्यात आरोप लिहिला होता आणि खुलासा करण्यास मुदत दिली होती. वडिलांनी शेजाऱ्यांकडून उत्तर लिहवून घेतले. मला कसलाच कागद आला नाही. एकाच खोलीत बापाला बाजू मांडण्याची जागा होती आणि तेरा वर्षांच्या पोराला नव्हती. हे कोडे मला पुढे युनियनमध्ये आल्यावर, कायद्याची पुस्तके स्वतः वाचू लागल्यावर उलगडले.

कारखान्याची रीत काय होती ते सांगतो. १९४६ साली दोन कायदे झाले. मुंबईच्या गिरण्यांना मुंबई औद्योगिक संबंध कायदा, आणि इतर कारखान्यांना स्थायी आदेशांचा केंद्रीय कायदा. पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने केंद्रीय कायद्याची जागा घेतली आणि स्थायी आदेशांची सक्ती तीनशे वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली. त्याविषयी आमचे भांडण आहे, पण तो आजचा विषय नव्हे. स्थायी आदेशांतील तत्त्व असे होते. नियम लेखी असावेत आणि कामगारांना कळतील अशा भाषेत लावलेले असावेत. विनारजा दहा दिवसांहून अधिक गैरहजेरी, किंवा नेहमीचा उशीर, हे गैरवर्तन खरेच. पण शिक्षेपूर्वी आरोप कळवावा आणि खुलाशाची संधी द्यावी. शिक्षा ठरविताना गुन्ह्याचे स्वरूप, माणसाची पूर्वीची चाकरी आणि परिस्थिती विचारात घ्यावी. चौकशी चालू असताना कामावरून दूर ठेवले तर निर्वाह भत्ता द्यावा. पहिल्या नव्वद दिवसांस निम्मा पगार. हे हक्क कोणी मेहेरबानीने दिलेले नाहीत. त्यांच्यामागे कामगारांच्या दोन पिढ्यांची झुंज आहे.

माझी मागणी एवढीच आहे, की बापाला जेवढी विचारपूस मिळते तेवढी मुलाला मिळावी. ती व्यवहारात कशी आणावी हेही सांगतो. प्रवेशाच्या वेळी शाळेचे नियम मराठीत छापून पालकास द्यावेत आणि पालकसभेत वाचून दाखवावेत. मूल सलग आठवडाभर आले नाही तर वर्गातील कोणी किंवा शिक्षक घरी जाऊन यावा. नाव कमी करण्यापूर्वी पालक, मूल आणि पालक-शिक्षक संघाचा एक सभासद यांच्यासमक्ष कारण ऐकून ते लिहून ठेवावे. कारण खरे असेल तर बुडलेला अभ्यास भरून देण्याची तजवीज करावी. आणि नाव कमी करणे अटळच झाले, तर पुढची वाट सांगावी : रात्रशाळा कोठे आहे, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेस कसे बसता येते. हा फॉर्म केवळ माहीत नसल्यामुळे हातची वर्षे गमावलेली किती तरी मुले मी पाहिली आहेत.

वर्तणुकीविषयीही तेच म्हणावे लागेल. फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभे करणे किंवा फाटक्या गणवेशावरून चारचौघांत बोलणे, ही शिस्त नव्हे. नववी-दहावीला सतरावे कलम लागू नसले तरी मुलाशी क्रूरपणे वागणे हा बाल न्याय कायद्याच्या, २०१५ च्या, पंचाहत्तराव्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि तो कायदा अठरा वर्षांपर्यंत संरक्षण देतो. आणि शिस्त शिकवायचीच तर तिचे उत्तम उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिले आहे. 'कमवा व शिका' या त्यांच्या योजनेत श्रम हा शाळेचाच भाग होता. काम करणारे मूल तेथे गुन्हेगार ठरत नव्हते.

पण हे सारे शाळेला सांगून मी माझ्या माणसांना मोकळे सोडणार नाही. आपल्या भाषेत सबब आणि कारण हे दोन शब्द वेगळे आहेत. मावसबहिणीच्या हळदीला चार दिवस, जत्रेला चार दिवस, गॅसच्या नंबराला अर्धा दिवस, धाकट्याला सांभाळायला थोरलीचे कितीतरी दिवस. या सबबी आहेत. त्या आपण घरी बसून तयार करतो आणि मुलाच्या नावावर मांडतो. कामगाराने पाळीवर वेळेवर जायचे आणि पोराला मात्र वाटेल तेव्हा घरी ठेवायचे, हे चालणार नाही. मूल न जाण्याचे खरे कारण असेल तर पहिल्याच दिवशी शाळेत जाऊन सांगावे. लाज कसली? शिक्षकांचीही बाजू आहे. एका वर्गात साठ-साठ मुले, त्यांत निवडणुकीची आणि जनगणनेची कामे. अशा शिक्षकाने घरोघर जावे असे म्हणताना त्याला तेवढी सवड मिळवून देण्याची मागणीही आपणच केली पाहिजे.

माझा शाळा सोडल्याचा दाखला अजून माझ्याजवळ आहे. वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' असे लिहिले आहे. शाळा सोडण्याच्या कारणापुढे लिहिले आहे, 'पालकांच्या विनंतीवरून'. वडिलांनी अशी विनंती कधीच केली नव्हती. कारकुनाने बोट ठेवले तेथे त्यांनी सही केली, इतकेच. तो रकाना मात्र चांगला आहे. कारण विचारले पाहिजे, हे शाळेलाही मान्य आहे असा त्याचा अर्थ होतो. फक्त तो प्रश्न मूल निघून गेल्यावर विचारला जातो. तो मूल वर्गात असताना, पहिल्या आठवड्याच्या खाड्यालाच विचारला जावा, एवढे एक काम आपण आपापल्या गावच्या शाळेत करून घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.