लेकराची आवड, बारावीचा अभ्यास आणि हरवलेली झोप

अकरावी-बारावीच्या लेकरांबद्दल घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. "क्लासला एवढे पैसे भरले, आणि हे रात्रभर फोनमध्ये." कुणाची मुलगी कोरियाच्या बीटीएसची फॅन आहे. कुणाचा मुलगा 'वन पीस' नावाचं जपानी कार्टून बघतो. आयपीएल सुरू झालं की अर्धी वस्ती एका संघाची आणि अर्धी दुसऱ्याची होते. त्यात दोन वर्षांवर नीट किंवा सीईटी येऊन ठेपलेली असते. मग घरात रोज खटके उडतात.

आरोग्याच्या पानावर हा विषय का? कारण या भांडणात अभ्यास आणि आवड या दोघांचंच नाव निघतं. नुकसान मात्र तिसऱ्याचंच होतं. ते लेकराच्या झोपेचं.

उमरग्याची गोष्ट

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यात तीन शाळकरी मुली घरातून निघून गेल्या. वयं ११ ते १३. मुलींना पळवून नेल्याचा फोन पोलिसांना गेला. पोलिसांनी त्या फोनचा माग काढला, तेव्हा तिघी पुण्याकडे जाणाऱ्या बसमध्ये असल्याचं समजलं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला त्या सुखरूप सापडल्या. पुण्यात काम करून पैसे जमवायचे, दक्षिण कोरियाला जायचं आणि बीटीएसला भेटायचं, असा त्यांचा बेत होता.

बातमी वाचून अनेक घरांत फोन काढून घेतले गेले असतील. आम्हाला त्यात दुसरी गोष्ट दिसते. एवढी मोठी आवड मनात होती, एवढा बेत शिजत होता, आणि घरातल्या मोठ्यांना त्याचा पत्ता नव्हता. आवड लपवावी लागली की ती अंधारात वाढते. आपल्या घरांत तो अंधार रात्री अकरानंतर सुरू होतो.

रात्रीच का?

जळकोटमधलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. दीड खोली, वर पत्रे, घरात पाच माणसं. मुलगी अकरावी सायन्सला आहे आणि रोज एसटीने उदगीरला जाते. पावणेसहाला उठते, सातची गाडी धरते. कॉलेज, त्यानंतर क्लास, आणि घरी यायला सहा वाजतात. आल्यावर भांडी, भाकरी. वडील कामावरून सातला येतात, त्यांच्यासोबत घरातला एकुलता स्मार्टफोन येतो. टीव्ही चालू असतो, धाकटे दंगा करत असतात. जेवणं उरकून अभ्यासाला बसायला नऊ वाजतात. अकराला सगळे झोपतात.

मग फोन तिच्या हातात येतो. दिवसभरात पहिल्यांदाच ती एकटी असते. कुणी हाक मारत नाही, कुणी काम सांगत नाही. गाणी, व्हिडिओ, मैत्रिणींचे स्टेटस बघताबघता दीड वाजतो. सव्वाचार तासांनी पुन्हा उठायचं असतं.

या मुलीला शिस्त नाही असं म्हणणं सोपं आहे. खरं तर तिला स्वतःचा असा वेळ दिवसात कुठेच मिळत नाही. म्हणून तो ती झोपेतून काढते. ज्या घरात मुलांना वेगळी खोली आहे, तिथलं लेकरू संध्याकाळी दार लावून गाणी ऐकतं. आपल्या लेकराचं दार म्हणजे सगळ्यांची झोप. हे समजून घेतल्याशिवाय फोन हिसकावण्याचा उपयोग होत नाही.

शरीर काय सांगतं?

१३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. त्यातच वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन मेंदूत उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे या वयाच्या मुलांना लवकर झोप येतच नाही. डोळ्यांसमोर उजेड धरला की ती आणखी लांबते.

दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंच काम झोपेत होतं. रात्री दोनपर्यंत जागून पाठ केलेला धडा सकाळी आठवत नाही, यात लेकरू मठ्ठ आहे असा अर्थ नसतो. मेंदूला तो धडा जागेवर लावायला वेळच मिळालेला नसतो. नीटला १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. तिथे ताजं डोकं हवं.

झोप कमी पडते आहे हे कसं ओळखायचं? पहिल्याच तासाला जांभया येतात. एकच पान तीनदा वाचावं लागतं. डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, पित्त होतं. साध्या बोलण्यावर चिडचिड होते. रविवारी दुपारपर्यंत उठवत नाही. जागं राहण्यासाठी रात्री चहा-कॉफी पिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. दहाचा चहा पहाटे तीनपर्यंत अंगात असतो.

आणखी एक गोष्ट. मुलगी सतत थकलेली असेल तर सगळा दोष फोनवर टाकू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू करा. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत चालते.

आवडीला हसू नका

"ती चपट्या नाकाची पोरं कसली गाणी म्हणतात?" असं घरात सहज बोललं जातं. तोंडावरून, रंगावरून माणसाला हिणवणं काय असतं, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायची गरज नाही. तेच आपल्या तोंडून जायला नको.

शिवाय फॅन होणं आपल्याला नवं आहे का? वामनदादा कर्डकांचं गाणं ऐकायला माणसं मैलोन्‌मैल चालत जात. गायन पार्ट्यांचे सवाल-जवाब रात्र रात्र रंगत आणि दुसऱ्या दिवशी लोक वावरात कामाला जात. गाण्यावर जीव टाकणं आपल्या वस्त्यांच्या रक्तात आहे. लेकरांनी फक्त गाणं बदललं.

या आवडीतून ती काही शिकतातही. बीटीएसच्या अनेक चाहत्या वहीच्या मागच्या पानावर कोरियन अक्षरं गिरवतात. ही लिपी कुठून आली ते त्यांना विचारा. पंधराव्या शतकात कोरियात लिहिणं-वाचणं चिनी अक्षरांत चालायचं, आणि ती शिकणं उच्च वर्गालाच परवडायचं. सामान्य माणसाला वाचता यावं म्हणून राजा सेजोंगने सोपी लिपी तयार करवली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. दरबारातल्या विद्वानांनी विरोध केला होता. ही गोष्ट आपल्या घरात सांगण्यासारखी नाही का?

बाबासाहेबांचे १८ तास

आपल्या लेकरांवर एक जास्तीचं ओझं असतं. घरातलं पहिलंच कुणी डॉक्टर होणार, म्हणून सगळी वस्ती वाट बघत असते. त्यात "बाबासाहेब १८ तास अभ्यास करायचे आणि तुला चार तास होत नाही" हे वाक्य येतं. भीमजयंतीला सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम अनेक कॉलेजांत होतो. तो एका दिवसाचं अभिवादन आहे, रोजचं वेळापत्रक नव्हे. बाबासाहेबांनी अपार कष्ट उपसले आणि त्यांच्या शरीराने त्याची किंमत मोजली. शेवटच्या वर्षांत मधुमेहाने त्यांना किती त्रास दिला, हे आपण जाणतो. त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं, हेही लेकरांना सांगा.

पाली साहित्यात सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. चंक्रमण करून करून त्याचे तळपाय फुटले, रक्त आलं, तरी साध्य काही होईना. तो पूर्वी वीणा वाजवायचा. भगवान बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्यावर वीणा नीट वाजायची का? आणि फार सैल सोडल्यावर? सोणाला उत्तर मिळालं. बारावीच्या लेकरालाही हेच उत्तर लागू पडतं.

मग करायचं काय?

आधी झोपेची वेळ ठरवा. उरलेल्या वेळाची वाटणी नंतर. वर सांगितलेल्या घराचाच हिशोब बघू. रात्री अकरा ते दीड म्हणजे अडीच तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तर १५ तास झोप जाते. त्याऐवजी असं करून बघा.

१. फोन घरी आला की सात ते पावणेआठ हा वेळ तिचा. उघडपणे, सगळ्यांसमोर. त्या वेळात तिला काम सांगायचं नाही आणि टोमणाही मारायचा नाही. रविवारी तीन तास. आठवड्याला साडेसात तास आवडीचे मिळाले, तेही चोरी न करता.

२. पावणेआठला जेवण, सव्वाआठ ते दहा अभ्यास. त्या वेळात टीव्ही बंद. दहाला झोप. पावणेसहापर्यंत पावणेआठ तास होतात. एसटीत वीस मिनिटं डुलकी लागली तर उत्तमच.

३. रात्री फोन आईच्या उशाशी. हा नियम वडिलांनाही लागू.

४. सहा ते सातची घरकामं मुलगा-मुलगी दोघांत वाटा. भाऊ मैदानावर आणि बहीण चुलीपुढे असेल, तर तिचा अभ्यास आवडीमुळे बुडत नाही. तो आपल्यामुळे बुडतो.

५. अभ्यास करताना किंवा फोन बघताना दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघावं, निदान वीस फुटांवर. डोळ्यांना आराम मिळतो.

आता लेकरांशी थोडं बोलू. मुलांनो, कोरिया आणि जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तिथे संध्याकाळी सहाला आलेलं गाणं आपल्याकडे दुपारी अडीचला येतं. म्हणजे रात्री दीडपर्यंत जागल्याने नवं काही लवकर मिळत नाही. सकाळीही ते गाणं तिथेच असतं. 'वन पीस' १९९९ पासून चालू आहे आणि त्याचे ११०० हून अधिक भाग झालेत. एक भाग साधारण २४ मिनिटांचा, म्हणजे ४४० तास. ते या दोन वर्षांत संपवायलाच हवेत असं नाही. भाग आपोआप पुढे चालू होण्याची सोय बंद करा. भाग संपताना नेहमी उत्सुकता ताणलेली असते, म्हणून मधेच थांबा, ते सोपं जातं.

क्रिकेटवाल्यांनो, आयपीएलचे सामने संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन अकराच्या पुढे जातात आणि नीट मे महिन्याच्या सुरुवातीला असते. रोजचा सामना बघू नका. आपला एक संघ निवडा. साखळीत त्याचे १४ सामने असतात, त्यातले मोजके बघा. बाकीचा स्कोअर सकाळी बघितला तरी चालतो. पैसे लावून खेळायच्या ॲपपासून मात्र लांबच राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांवर बंदीचा कायदा केला आहे.

काळजी कधी करायची?

गाण्याचं वेड असणं हा आजार नाही. पण आवडीच्या गोष्टीतही मन लागेनासं झालं, जेवण तुटलं, मैत्रिणींशी बोलणं थांबलं, कॉलेज बुडायला लागलं, "मी कुणाच्याच कामाची नाही" असं लेकरू बोलू लागलं, तर थांबू नका. लातूर-नांदेडला खोली करून राहणाऱ्या मुलांना रोज फोन करा. पहिला प्रश्न "किती मार्क पडले" हा नको, "काल किती वाजता झोपलास" हा असू द्या. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर कधीही लावा. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. लेकरू स्वतः लावू शकतं, आई-वडीलही लावू शकतात. मरणाची भाषा कानावर पडली तर लेकराला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेवटची विनंती वस्तीतल्या मंडळांना. विहारात सहा ते साडेनऊ अभ्यासिका चालवा. ज्यांच्या घरात शांत कोपरा नाही त्यांना तो तिथे मिळेल. साडेनऊला दिवे बंद करून सगळ्यांना झोपायला घरी पाठवा. आणि महिन्यातल्या एका रविवारी, वंदना झाल्यावर, एक तास लेकरांना द्या. त्यांची आवडती गाणी, त्यांचं कार्टून, त्यांचा खेळाडू, काय ते त्यांनी मोठ्यांना समजावून सांगावं. मोठ्यांनी फक्त बसून ऐकावं.