टिकलीएवढा डाग

पाळी चुकली, तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि आठवड्याभरात कपड्यावर टिकलीएवढा तपकिरी डाग. बाई घाबरते, पण कुणाला सांगत नाही. पहिल्या 12 आठवड्यांत साधारण चारातल्या एकीला असं होतं आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींचे दिवस पुढे नीट जातात. गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजतानाही थोडं रक्त येऊ शकतं. तरी डाग दिसला की त्याच दिवशी आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगायचंच.

खरी भीती आहे ती गर्भ पिशवीऐवजी बीजवाहक नळीत रुजण्याची. वाढत्या गर्भाने नळी फुटू शकते. रक्त पोटात साठतं, बाहेर थेंबभरच दिसतं. म्हणून डाग लहान आहे यावर विसंबू नका. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणं, भोवळ, तासाभरात पॅड भिजणं, ताप, यातलं एकही असेल तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. डोंगरातल्या आहुप्याहून मंचरचा किंवा घाटघरहून जुन्नरचा दवाखाना गाठायला वेळ लागतो, पावसाळ्यात तर जास्तच. 108 रुग्णवाहिकेला रात्रीच फोन करा. आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा, त्यासाठी वेगळं इंजेक्शन लागू शकतं.