पाण्याचा ताळेबंद आणि जुनाट दुखणी

घरातील ज्येष्ठांशी चार गप्पा झाल्या, की दुखण्याचा विषय निघतोच. कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, तर कोणाचे दुपारनंतर न चुकता चढणारे डोके. अलीकडे या सर्वांवर एकच उपाय सुचविला जातो : भरपूर पाणी प्या, दुखणे जाईल. उपाय फुकटाचा असल्याने तो चटकन पटतो. परंतु जमा आणि नावे या दोन्ही बाजू तपासल्याखेरीज सही करू नये, ही बँकेतील नोकरीने लावलेली सवय. त्याच रीतीने या विधानाचीही तपासणी करून पाहू.

या विचाराला मोठी प्रसिद्धी मिळाली ती फेरेदून बातमंघेलिज या इराणी डॉक्टरांच्या १९९२ मधील पुस्तकामुळे. इराणमधील क्रांतीनंतर तुरुंगात असताना पोटदुखीने तळमळणाऱ्या कैद्यांना आपण केवळ पाणी दिले आणि त्यांना गुण आला, असे ते सांगत. पुढे पाठदुखी, सांधेदुखी, अर्धशिशी हे शरीराने पाण्यासाठी केलेले आर्जवच होय, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. वैद्यकशास्त्राने तो स्वीकारलेला नाही, कारण काटेकोर चाचण्यांचा आधार त्यामागे नव्हता. मात्र सिद्धान्त टिकला नाही म्हणून पाण्याचा आणि वेदनेचा काहीच संबंध नाही, असा निष्कर्ष काढणेही घाईचे ठरेल.

प्रथम पाठीचा विचार करू. मणक्यांमधील चकत्यांत पाण्याचा अंश मोठा असतो. दिवसभराच्या भाराने त्यातील थोडे पाणी बाहेर पडते व रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर अधिक भरते. वय वाढते तशी ही पाणी धरून ठेवण्याची शक्ती घटते. ही झीज चकतीच्या घटनेतील आहे. प्रौढ वयात चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. त्यामुळे दोन तांबे अधिक पाणी प्यायल्याने झिजलेली चकती वा गुडघ्याची कूर्चा पूर्ववत होत नाही. तेथे व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि योग्य उपचार यांना पर्याय नाही.

डोकेदुखीचा हिशेब थोडा निराळा आहे. शरीरात पाणी कमी पडले की डोके दुखते आणि पाणी प्यायल्यावर काही वेळाने ते थांबते, हा अनुभव बहुतेकांचा आहे. वारंवार डोके दुखणाऱ्या १०२ रुग्णांची एक चाचणी नेदरलँड्समध्ये झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला रोज दीड लिटर अधिक पाणी पिण्यास सांगितले होते. त्यांच्या डोकेदुखीच्या दिवसांत ठळक घट दिसली नाही. मात्र दैनंदिन जीवन अधिक सुसह्य झाल्याचे त्यांनी नोंदविले. जपानमध्ये २०१४ च्या एका छोट्या प्रयोगात, शरीरातील पाणी घटलेले असताना तीच वेदना अधिक तीव्र भासते, असे आढळले. थोडक्यात, पाण्याची तूट वेदना वाढवू शकते. परंतु पाणी हे प्रत्येक वेदनेचे औषध नव्हे.

जेथे पाण्याचा गुण निर्विवाद आहे, असे दुखणे म्हणजे मूतखडा. इटलीतील बोर्गी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांवर ५ वर्षे लक्ष ठेवले. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना, तर इतरांपैकी २७ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. ज्यांनी ती कळ एकदा सोसली आहे, त्यांना या आकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

आता सर्वांत गंभीर बाब. दुखणे जुनाट असले की वेदनाशामक गोळ्या घरात कायमच्या असतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या, शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणारी यंत्रणाच रोखून धरतात. त्यात रक्तदाबाची काही औषधे व लघवी वाढविणारी गोळी यांची भर पडली, तर मूत्रपिंडांना अचानक इजा होऊ शकते. त्यातच साठीनंतर तहानेची जाणीव मंदावते. प्रवासात किंवा रात्री वारंवार उठावे लागेल या संकोचाने अनेक भगिनी मुद्दाम कमी पाणी पितात. तूट वाढत जाते, पण तिची सूचना मिळत नाही.

आपल्या समाजात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. चौविहार पाळणाऱ्यांच्या मुखात सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब जात नाही. पुण्यासारख्या ठिकाणी डिसेंबरात सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतरच्या ४८ मिनिटांपर्यंत, सुमारे पावणेचौदा तास होतात. उरतात दहा तास. स्त्रियांनी दिवसाकाठी साधारण १.६ लिटर व पुरुषांनी २ लिटर पेये घ्यावीत, असा युरोपीय तज्ज्ञांचा अंदाज आहे. आपल्याकडील उन्हाळ्यात तो वाढवावाच लागेल. १.६ लिटर म्हणजे २०० मिलिलिटरचे आठ पेले. दहा तासांत विभागले तर दर सव्वा तासाला एक पेला. व्रत निष्ठेने पाळूनही हे सहज साधते. मात्र सूर्यास्ताच्या तोंडावर तांब्याभर पाणी एकदम प्यायल्याने ते साधत नाही. सकाळी पाणी उकळून गार करताना घरातील प्रत्येकाचा वाटा वेगळा काढून ठेवला, तर संध्याकाळी किती उरले ते आपोआप कळते. ताक, वरण, पातळ भाजी यांतूनही भर पडतेच.

उपवासाच्या दिवसांत अधिक दक्षता हवी. तिविहार उपवासात दिवसा उकळलेले पाणी घेता येते; चौविहार उपवासात तेही वर्ज्य. ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे, ज्यांना रक्तदाब वा मधुमेहाची औषधे चालू आहेत, त्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी आपली प्रकृती गुरुमहाराजांना सांगावी आणि गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. रिकाम्या पोटी, पाण्याविना वेदनाशामक गोळी तर मुळीच घेऊ नये. उलटपक्षी हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून घेण्यास सांगितले आहे, त्यांनी कोणाच्याही आग्रहाने ते वाढवू नये. थोड्या वेळात अतोनात पाणी पिण्यानेही रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटते.

आपली तूट ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. फिकट पिवळा असेल तर बहुधा हिशेब जुळला. गडद असेल तर पाणी कमी पडत आहे, असे समजावे. काही औषधांनीही रंग बदलतो, एवढे ध्यानात असू द्यावे. घरातील आजी-आजोबा ‘मला तहानच लागत नाही’ असे म्हणाले, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. पाण्याचा पेला त्यांच्या हाती द्यावा आणि तो रिकामा होईपर्यंत दोन घटका त्यांच्याजवळ बसावे.